सोन्याच्या नाण्यावरचा बुद्ध आणि त्याच्या शेजारचे परके देव



आम्ही व्यवसायाने बँकेतील साधे कारकून. शिक्षण कला शाखेचे, पदवीला इतिहास हा विषय होता, तेवढ्या भांडवलावर संस्थेच्या वर्षावासातील व्याख्यानमालेत दरवर्षी एखाद्या विषयावर बोलण्याचे धाडस आम्ही करीत असतो. यंदा स्मरणिकेसाठी लेख देताना मात्र एका चुकीची कबुली देऊनच सुरुवात करावी लागत आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या व्याख्यानात आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले होते की, सम्राट कनिष्काने आपल्या सोन्याच्या नाण्यांवर तथागत बुद्धांची प्रतिमा कोरली, आणि असे एक नाणे आज लाखो रुपयांचे आहे. टाळ्या पडल्या. पुढे काही महिन्यांनी आमच्या वस्तीतील एक ज्येष्ठ सभासद, कारखान्यातून निवृत्त झालेले, बँकेत आमच्या खिडकीपाशी आले. गर्दी ओसरेपर्यंत बाजूच्या बाकावर बसून राहिले. मग रुमालाची गाठ सोडून त्यांनी एक पिवळे नाणे पुढे ठेवले. "भाऊ, तुम्ही बँकेत आहात, एवढं बघून सांगा. कनिष्काचं आहे. तुम्हीच सांगितलं होतं ना?" एका फिरत्या विक्रेत्याकडून त्यांनी ते अकरा हजार रुपयांना घेतले होते. रक्कम नातीच्या नर्सिंगच्या फीसाठी बाजूला ठेवलेली होती.

नाणे खोटे होते. ते कसे ओळखले हे पुढे येईलच. परंतु त्या दिवशी आम्हांला जास्त टोचले ते दुसरेच. आम्ही व्याख्यानात 'बुद्ध आहे' एवढेच सांगितले होते. तो कसा उभा आहे, त्याच्या बाजूला काय लिहिले आहे, अशी नाणी किती सापडली आहेत, आणि बाकीच्या नाण्यांवर कोण आहे, यांतले काहीच सांगितले नव्हते. कारण ते आम्हांलाही नीट ठाऊक नव्हते. अर्धवट माहितीचा फायदा भामट्याने घेतला. ती उरलेली अर्धी माहिती सभासदांसमोर आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांसमोर ठेवावी, यासाठी हा लेख.

कुषाण कोण होते?

कुषाण हे मूळचे आपल्या भूमीतले नव्हेत. चीनच्या वायव्य सीमेवर राहणाऱ्या युएची नावाच्या भटक्या लोकांची ही एक शाखा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हे लोक पश्चिमेकडे सरकत सरकत बॅक्ट्रिया म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानात येऊन स्थिरावले. तेथे त्यांच्या आधी ग्रीक राजे राज्य करून गेले होते. त्यामुळे ग्रीक लिपी, ग्रीक पद्धतीची नाणी आणि ग्रीक देवांच्या मूर्ती त्या प्रदेशात रुळलेल्या होत्या. लोकांची बोली मात्र इराणी वळणाची होती. तिला अभ्यासक बॅक्ट्रियन भाषा म्हणतात.

कुजुल कडफिसेस याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र करून राज्य उभारले. त्याच्यानंतर विम तक्तू, मग विम कडफिसेस आणि त्यानंतर कनिष्क असा क्रम आहे. कनिष्काच्या राज्यारोहणाचे वर्ष जुन्या पुस्तकांत इ. स. ७८ दिलेले असे. आज बहुतेक अभ्यासक ते इ. स. १२७ च्या सुमारास धरतात. परीक्षेच्या जुन्या मार्गदर्शकांत ७८ दिसले तर विद्यार्थ्यांनी गोंधळून जाऊ नये.

कुषाणांची नियमित सोन्याची नाणी विम कडफिसेसपासून सुरू होतात. मुख्य नाणे म्हणजे दिनार. त्याचे वजन सुमारे आठ ग्रॅम. आजच्या सराफाच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने पाऊण तोळ्याहून किंचित जास्त. आकार साधारण दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढा. त्याच काळातील रोमच्या सोन्याच्या नाण्याच्या जवळपास जाणारे हे वजन आहे, आणि 'दिनार' हा शब्दही मूळचा रोमन 'दिनारियस'वरून आलेला आहे. आपल्याकडे गुप्तकाळातील शिलालेखांत तो सर्रास आढळतो.

नाण्याच्या दोन बाजू

कनिष्काचे नाणे हातात घेतले, अर्थात काचेआड पाहिले, तर दर्शनी बाजूस राजा उभा दिसतो. अंगात गुडघ्यापर्यंतचा जाड अंगरखा, पायांत उंच बूट, एका हातात भाला, दुसरा हात छोट्या अग्निवेदीवर आहुती टाकीत आहे. हा पोशाख थंड प्रदेशातील घोडेस्वाराचा. मथुरेजवळच्या माट येथे १९११ साली कनिष्काचा मस्तक नसलेला दगडी पुतळा सापडला. त्याच्याही अंगात असाच अंगरखा आणि पायांत असेच बूट आहेत. पुतळ्याचा चेहरा गेला, तो आपण नाण्यावरून पाहतो.

राजाभोवती अक्षरे आहेत. आरंभीच्या नाण्यांवर भाषाही ग्रीक आणि लिपीही ग्रीक. 'राजांचा राजा कनिष्क' अशा अर्थाची ती ओळ आहे. थोड्याच काळात कनिष्काने भाषा बदलली, लिपी तीच ठेवली. मग ओळ झाली 'शाओनानोशाओ कनेष्की कोशानो'. वाचताना परके वाटते. पण 'शाओनानोशाओ' दोनतीनदा मोठ्याने म्हणून पाहावे. आपल्या ओळखीचा 'शहेनशहा' त्यातून ऐकू येतो.

या ओळीची एक गंमत आहे. ग्रीक लिपीत 'श' या उच्चाराला अक्षर नाही. म्हणून कुषाणांच्या लेखनिकांनी एक जादा अक्षर वापरले. ते ग्रीक 'र' सारखेच दिसते, फक्त त्याचा उभा दांडा वर किंचित बाहेर येतो. युरोपीय पंडित कित्येक वर्षे त्याला 'र' समजून 'कोशानो' ऐवजी 'कोरानो' वाचीत होते. १८८७ साली ऑरेल स्टाइन यांनी दाखवून दिले की हा 'र' नसून 'श' आहे. एका दांड्याच्या टोकाने अनेक देवांची नावे दुरुस्त झाली. विद्यार्थी मित्रांनो, हस्ताक्षराचे गुण कापले गेले तर ही गोष्ट आठवावी.

मागच्या बाजूचे देव

नाण्याच्या मागच्या बाजूस एक देव किंवा देवी असते. बाजूला तिचे नाव लिहिलेले असते, आणि राजाचे चार टोकांचे एक चिन्ह असते. देवाचे नाव लिहिण्याची ही पद्धत आपल्यासाठी फार मोलाची आहे, कारण ओळख पटवायला तर्क करावा लागत नाही.

कनिष्काच्या अगदी आरंभीच्या नाण्यांवर ग्रीक नावे येतात. हेलिओस म्हणजे सूर्य, सालेने म्हणजे चंद्र, हेफाइस्तोस म्हणजे लोहारकामाचा आणि अग्नीचा देव. भाषा बदलल्यावर चित्रे जवळजवळ तीच राहिली आणि नावे बदलली. हेलिओसच्या जागी मिइरो, सालेनेच्या जागी माओ, हेफाइस्तोसच्या जागी आथशो. एखाद्या कार्यालयात खुर्ची तीच, टेबल तेच, पण पाटीवर नवे नाव लागावे, तसा हा प्रकार.

ही नवी नावे इराणी आहेत. तरीही मराठी माणसाला ती पूर्ण अनोळखी नाहीत. मिइरो म्हणजे मिथ्र. आपण मुलाचे नाव 'मिहिर' ठेवतो, ते याच घराण्यातले. माओ म्हणजे चंद्र. फारसीत चंद्राला आणि महिन्यालाही 'माह' म्हणतात, आणि आम्ही बँकेत रोज लिहितो त्या 'माहे एप्रिल'मधला 'माहे' तेथूनच आला. आथशो म्हणजे अग्नी. फारसी 'आतश' हा त्याचा भाऊ, आणि आपली 'आतषबाजी' ही त्याची मुलगी म्हणायला हरकत नाही. नाण्यावर आथशोच्या हातात लोहाराचा सांडस आहे आणि खांद्यांतून ज्वाळा निघतात. ओआदो हा वाऱ्याचा देव, आपला 'वात'. दाढीवाला, पळत असलेला, दोन्ही हातांनी फुगलेले वस्त्र धरलेला. वारा हा दिसत नाही, पण तो दाखवायचा कसा हे त्या कारागिराला बरोबर समजले होते.

नना ही देवी त्याहूनही दूरची. तिचे मूळ मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. डोक्यावर चंद्रकोर, हातात वाडगे आणि प्राण्याच्या मुखाचा दंड. कनिष्काचा वारस हुविष्क याच्या नाण्यांवर ती सिंहावरही बसते. आर्दोक्षो ही समृद्धीची देवी, तिच्या हातात फळाफुलांनी भरलेले मोठे शिंग असते. फारो हा राजवैभवाचा देव. हुविष्काच्या काही नाण्यांवर त्याच्या हातात पैशांची थैली आहे. आम्हां बँकवाल्यांना हा देव जवळचा वाटला तर नवल नाही. ओएशो हा देव मात्र आपल्याला लगेच शिवासारखा दिसतो. हाती त्रिशूळ, कधी मागे बैल. तो शिवच की वाऱ्याशी संबंधित एखादा इराणी देव, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. दोघांचे मिश्रण असावे असेही काहीजण मानतात.

हुविष्काने ही यादी आणखी लांबवली. ग्रीकांचा हेराक्लिस, इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगराचा सरापिस, आणि आपल्याकडचे स्कंदकुमार, विशाख व महासेन त्याच्या नाण्यांवर आहेत. नाईल नदीकाठचा देव आणि आपला स्कंद एकाच राजाच्या टांकसाळीतून बाहेर पडले, ही गोष्ट त्या काळच्या व्यापारी वाटा कुठवर पोहोचल्या होत्या हे सांगते.

आणि बुद्ध

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. कनिष्काच्या सोन्याच्या नाण्यांत बुद्धाची नाणी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच ज्ञात आहेत. 'कनिष्काच्या नाण्यांवर बुद्ध आहे' हे वाक्य खरे आहे. 'कनिष्काची नाणी म्हणजे बुद्धाची नाणी' हे खरे नाही. आम्ही व्याख्यानात पहिले बोललो आणि ऐकणाऱ्यांनी दुसरे ऐकले. दोष बोलणाऱ्याचा.

त्या नाण्यावर तथागत उभे आहेत. उजवा हात अभयमुद्रेत वर केलेला. डाव्या हातात चीवराचा काठ. डोक्यावर उष्णीष. मस्तकामागे एक प्रभावलय आणि संपूर्ण देहामागे दुसरे मोठे प्रभावलय. बाजूला ग्रीक अक्षरांत 'बोद्दो' एवढेच नाव. आणखी एक बारकावा असा की, इतर देव बहुधा कुठल्यातरी बाजूला वळून पाहतात, बुद्ध मात्र सरळ समोर, नाणे धरणाऱ्याकडे पाहतो. ज्यांचा काळ राजाच्या नावाने नक्की सांगता येतो आणि ज्यांवर नावही लिहिले आहे, अशा सर्वांत जुन्या बुद्धप्रतिमांत या नाण्यांची गणना होते.

तांब्याच्या नाण्यांवर बुद्ध अधिक वेळा आढळतो. तेथे दोन नावे आहेत. 'साकमनो बोउदो' म्हणजे शाक्यमुनी बुद्ध, हा उभा. 'मेत्रगो बोउदो' म्हणजे मैत्रेय बुद्ध, हा बसलेला. तांब्याचे नाणे बाजारात भाजीपाल्याला चालणारे. म्हणजे ज्याच्या हाती आयुष्यात सोने आले नाही, त्यानेही बुद्धाची प्रतिमा तळहातावर घेतली होती. आमच्या मते हीच गोष्ट सोन्याच्या नाण्याहून मोठी आहे.

कनिष्क मग कोणाचा?

बौद्ध परंपरा कनिष्काला धम्माचा मोठा आश्रयदाता मानते. काश्मीरची संगीती त्याच्या नावाशी जोडलेली आहे. पेशावरजवळ शाहजी-की-ढेरी येथे त्याच्या नावाचा प्रचंड स्तूप होता. १९०८-०९ च्या उत्खननात तेथे धातुकरंडक सापडला. त्या करंडकाच्या झाकणावर बुद्ध आहे. आणि पोटावर कुषाण पोशाखातला राजा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंस सूर्य आणि चंद्र, म्हणजे तेच नाण्यांवरचे मिइरो आणि माओ. बुद्धाच्या धातूंच्या करंडकावरही राजाने आपले घरचे देव सोडले नाहीत.

१९९३ साली अफगाणिस्तानातील बागलान प्रांतात रबातक येथे एक शिलालेख मिळाला. निकोलस सिम्स-विल्यम्स यांनी तो वाचला. त्यात कनिष्क म्हणतो की, राज्य त्याला ननाकडून व सर्व देवांकडून मिळाले. साकेत, कौशांबी, पाटलिपुत्र, श्रीचंपा या नगरांपर्यंत त्याची सत्ता पोहोचल्याचे त्यात आहे. ग्रीक भाषेतून आपल्या 'आर्य' भाषेकडे वळल्याचाही उल्लेख आहे. नाण्यांवर आपण पाहिलेला बदल तो हाच. देवांच्या यादीत नना आहे, अहुरमज्द आहे, मिहिर आहे. बुद्धाचे नाव त्या यादीत नाही.

हे वाचून आम्ही प्रथम खट्टू झालो, हे लपवीत नाही. नंतर विचार करता वेगळेच ध्यानात आले. आपण या देवांना 'परके' म्हणतो, कारण आपण नाणे इकडून पाहतो. कनिष्काच्या दृष्टीने नना, मिइरो, माओ, आथशो हे घरचे देव. त्या मांडवात बाहेरून आलेला एकच, तो गंगेच्या खोऱ्यातला शाक्यमुनी. त्या नाण्यावर खरा परका बुद्ध आहे! आणि तरीही परक्या भूमीत, परक्या राजाने, परक्या लिपीत त्याचे नाव सोन्यावर कोरले. ज्याच्या घराण्याचा हा धम्म नव्हता, ज्याला तो कोरण्याची कसलीही सक्ती नव्हती, त्याने बुद्धाला आपल्या देवांच्या पंगतीत मानाचे पान मांडले. कनिष्क केवळ बौद्ध असता तर यात विशेष ते काय? बुद्ध हा देव नव्हे, माणूस आहे, हे आपण जाणतो. त्या माणसाला देवांच्या बरोबरीने जागा मिळाली, ती केवळ विचारांच्या बळावर.

स्तूपात ठेवलेली नाणी

ही नाणी केवळ बाजारात फिरली नाहीत. जलालाबादजवळ अहिनपोश येथील स्तूप १८७९ साली विल्यम सिम्पसन यांनी उकरला. आत धातूंसोबत सुमारे वीस सोन्याची नाणी होती. विम कडफिसेसची, कनिष्काची, हुविष्काचे एक, आणि त्यांच्या जोडीला रोमच्या दोमिशियन, त्राजान व साबिना यांची. कनिष्काच्या नाण्यांत एकावर बुद्ध होता. ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कोणा उपासकाने दान देताना रोमचे की कुषाणांचे, कोणत्या देवाचे, असा भेद केला नाही. सोने खरे आणि श्रद्धा खरी, एवढे त्याला पुरेसे होते.

दान आणि नाणे यांचा असाच संबंध आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांतही कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण भिक्षुसंघासाठी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज. वर्षाचे होतात दोनशे चाळीस. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. आम्ही हिशेब करून पाहिला, पैशाचाही फरक निघाला नाही. उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण. मुद्दल परत काढायची नाही, फक्त व्याज वापरायचे. ज्याला आज आपण कायम ठेव म्हणतो ती हीच. त्याच लेखात एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण असा दरही दिलेला आहे. उषवदात शक होता, म्हणजे तोही मूळचा बाहेरचाच. परमपूज्य बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम. ए. साठी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. नाणे हा केवळ श्रीमंतांचा विषय नव्हे, हे त्यांच्या अभ्यासावरून आपण शिकायला हवे.

नाण्यांवरच्या देवांचे पुढे काय झाले? आर्दोक्षो उत्तरकालीन कुषाणांच्या नाण्यांवर सिंहासनावर बसून राहिली. समुद्रगुप्ताच्या नाण्यांवर तीच देवी शिंग घेऊन आली, आणि हळूहळू शिंग जाऊन कमळ आले, तेव्हा ती लक्ष्मी झाली. गांधारच्या शिल्पांतील पांचिक व हारीती या जोडीचे फारो व आर्दोक्षो यांच्याशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. पांचिक व हारीती आपल्या अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात उजव्या बाजूच्या गाभाऱ्यात बसलेले आहेत. पुढच्या सहलीत मुलांना ते अवश्य दाखवावे.

खोटे कसे ओळखले?

बँकेत आम्हांला एक गोष्ट शिकवतात. खोटी नोट ओळखायची तर आधी खरी नोट रोज हाताळावी लागते. नाण्याचेही तसेच.

त्या ज्येष्ठ सभासदांच्या नाण्यावर बुद्ध ध्यानमुद्रेत बसलेला होता. ज्ञात सोन्याच्या नाण्यांवर तो उभा आहे. अक्षरे गोल, बोथट, वाचता न येणारी होती. खरे नाणे दोन ठशांमध्ये घण घालून पाडलेले असते, त्यामुळे रेषा धारदार येतात. हे नाणे साच्यात ओतलेले होते, आणि कडेने साच्याच्या दोन भागांची बारीक शीव फिरत होती. वजन भरले साडेपाच ग्रॅम. आकार खऱ्या नाण्याएवढा, जाडी उलट थोडी जास्त, तरी वजन आठ ग्रॅमपेक्षा कमी, हे सोन्याला शक्य नाही. सोने पाण्याच्या एकोणीस पटींहून जड, पितळ साडेआठ पटींच्या आसपास. सराफाने कसोटीच्या दगडावर एक ओरखडा काढला आणि काही न बोलता नाणे परत दिले.

मित्रांनो, खरे नाणे मिळाले असते तरी ते असे विकत घेणे योग्य ठरले नसते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरील किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. पाया खोदताना, नांगरताना नाणे लागले तर ते चिंचेने घासू नये, सराफाकडे मोडीत घालू नये, डाग लावून गळ्यात घालू नये. कित्येक कुषाण नाण्यांना जुन्या काळीच भोके पाडलेली आढळतात. आटवलेल्या नाण्याचे सोने हाती येते. त्यावरचे नाव, राजा आणि शतक कायमचे जाते.

अफगाणिस्तानात काय घडले ते पाहावे. काबूलच्या संग्रहालयातील हजारो नाणी १९९० च्या दशकातील यादवीत लुटली गेली. २००१ साली बामियानचे बुद्ध उडवून देण्यात आले. परंतु एक ठेवा वाचला. तिल्या तेपे येथे १९७८ मध्ये सारियानिदी यांच्या पथकाला सहा थडग्यांतून वीस हजारांहून अधिक सोन्याच्या वस्तू मिळाल्या होत्या. त्यांत एक सोन्याची चकती आहे. एका बाजूस सिंह, दुसऱ्या बाजूस चक्र फिरवणारा पुरुष, आणि खरोष्ठी लिपीत 'धम्मचक्र फिरवणारा' अशा अर्थाची अक्षरे. ही बुद्धाची कनिष्काच्याही आधीची प्रतिमा असावी असे काही अभ्यासक मानतात. हा सारा ठेवा १९८० च्या दशकाच्या अखेरीस मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीत गुपचूप ठेवण्यात आला. ज्यांना ठाऊक होते त्यांनी राजवटी बदलल्या, धमक्या आल्या, तरी तोंड उघडले नाही. पुढे २००३-०४ मध्ये तिजोरी उघडली, तेव्हा सोने जागच्या जागी होते. त्या गप्प राहिलेल्यांत संग्रहालयाचे लोक होते, तसे बँकेचेही होते. बँकेतील नोकरीचा अभिमान वाटावा असे प्रसंग फार येत नाहीत. हा त्यांपैकी एक.

आमच्या त्या ज्येष्ठ सभासदांचे पैसे परत मिळाले नाहीत. विक्रेता पुन्हा दिसला नाही. नातीची फी काही सभासदांनी मिळून वेळेत भरली, आणि त्यांनी ती हप्त्याहप्त्याने फेडलीही. पितळी नाणे मात्र त्यांनी आमच्याकडेच ठेवले. म्हणाले, "भाऊ, गेलं ते गेलं. पण आता पोरांना नीट सांगा. किती आहेत, कसा उभा आहे, बाजूला कोण आहे, सगळं."

ते नाणे संस्थेच्या वाचनालयात, खऱ्या नाण्याच्या छायाचित्राशेजारी ठेवले आहे. विद्यार्थ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेत जुनी नाणी पाहण्याची सोय आहे. संस्थेने पुढील वर्षी सहल काढल्यास आम्ही सोबत येण्यास तयार आहोत. मात्र एक अट. आम्ही जे सांगू त्यावर प्रत्येकाने निदान एक तरी प्रश्न विचारलाच पाहिजे.

जय भीम.